हंड्याचं हिरवं

पाडवा, सोमवार
चंद्रीनं, धाकट्या जावेनं, सासूबाईंचा तांब्याचा हंडा आणून ओट्यावर आदळला. एक वर्ष तिच्याकडं, एक वर्ष माझ्याकडं, असं सासूबाईच ठरवून गेल्या. आत बघते तर बूड सगळं हिरवं. ताक ठेवलं हुतं हिनं. तांब्यात कुणी ताक ठेवतं का. चंद्री ठेवते.
म्हणाली, "मळ हाय आक्का. चिंच लावा, जाईल."

मंगळवार
नात सई, नववीत. म्हणाली, "आजी, वाळूत मीठ पडलं तर ते मिश्रण. दोन्ही आपापली राहतात, वेगळी करता येतात. हे संयुग. तांब्याचंच तिसरं काहीतरी झालंय." लई बरं वाटलं. चौथीपातूर शाळा माझी, पण एवढं कळलं, मळ वरून बसतो, हे हंड्यानं स्वतःचं अंग देऊन केलंय. लगेच चपला घातल्या, चंद्रीचं दार गाठलं.
"मळ न्हाई, संयुग हाय. हंडा खाल्लास तू. तुझी पाळी बंद."
"तांबं गेल्याचं दाखवा, मग सोडते पाळी."
दाखवतेच.

गुरुवार
चिंच-मिठानं घासला. हिरवं पाणी सांडू दिलं न्हाई, बरणीत धरलं. मग फडक्यातून चारदा गाळलं. म्हटलं तांबं वर राहील. फडकं तेवढं हिरवं झालं. सई हसून लोळली. "संयुग गाळून सुटत नाही गं." फडकं यांच्या धोतराचं निघालं, ते काय बोलले ते लिहीत न्हाई.

शुक्रवार
सईनं लोखंडी खिळा घासून बरणीत सोडला. शाळेत केलंय म्हणे. दुपारपातूर खिळा लाल. तांबं चढलं. म्हंजे सुटतं, पण लोखंडाला झिजावं लागतं त्यापायी. एक भाकरी जास्त खाल्ली. खिळा पदराला बांधून चंद्रीकडं.
तिनं चष्मा लावून उलटासुलटा बघितला. "व्हय, तांबंच हाय."
इतकी सरळ कबूल होईल वाटलं नव्हतं. जरा हिरमुसलेच.
मग म्हणाली, "म्हंजे गेलं न्हाई कुठं. घरातच हाय की." आन् खिळा आपल्या देव्हाऱ्यात ठेवला. "हंडा पुढच्या पाडव्याला आणा. तवर हे राहू द्या माझ्याकडं."

शनिवार
खिळा मागायला गेल्ते. दार लावलेलं, आत कुकर वाजत हुता. दोन हाका मारल्या, मग मुकाट परत. हंडा माझ्याकडं, त्याचं अंग तिच्याकडं. उद्या सईला घेऊन जाते. सई म्हणते, मी नाही येणार.