त्यांना "नाही रे" म्हणू नका

ती. आईंना सुनेचा वाकून नमस्कार.

इकडची काळजी नसावी. तुमचा गुडघा कसा आहे?

हे रोज बस घेऊन जातात, काम नीट चाललंय. फक्त ड्यूटी संपली की त्याच रस्त्याने पायी परत जातात, कुणाला बसचा धक्का लागला नाही ना, ते बघायला. परवा चारदा गेले. मीही सोबत जायचे आणि "अहो, कुणालाही लागलं नाही" म्हणत राहायचे. शेवटी यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आजार आहे. तुम्ही 'नाही' म्हटलं की घटकाभर बरं वाटतं, पण शंका आणखी बळावते."

काल जिन्यात बसून त्यांनी विचारलं, "कुणाला लागलं का गं?" मी उत्तर दिलं नाही, नुसता हात धरून बसले. ते घामाघूम झाले, "दगड आहेस तू!" म्हणून ओरडले. तासाभराने मात्र उठून जेवायला आले, रस्त्यावर गेले नाहीत. मी ताटं वाढता वाढता रडून घेतलं.

ते तुम्हालाही फोनवर हेच विचारतात, मला ठाऊक आहे. आई, आता "नाही रे बाळा" म्हणू नका. तुमचा जीव तुटेल. ते चिडतील, वाट्टेल ते बोलतील. तरी तुम्ही फोन ठेवू नका.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
तुमची सून