केयाची सुरई

प्रिय सरला,

आमच्यासाठी खोलीला रंग दिलास, खिडकीला जाळी बसवलीस, हे वाचून बरं वाटलं. श्रूजबरीचं घर आवरून, अमेरिका सोडून आम्ही दोघं कायमचे नागपूरला येणार, हे ठरलंच होतं. आवरायची राहिली ती एक केयाची खोली.

तिने केलेली सुरई फोटोत पाहून तू हसली होतीस, की भाची पोर्तुगालला जाऊन तिरकी भांडी घडवायला शिकली. तिथे तिला शिकवणाऱ्या बाई म्हणत, मूर्ती घडवायची तर घडव, पण तिच्यातून कुणी पाणी प्यायलं पाहिजे. म्हणून केयाने ही सुरई पाण्याशिवाय उभीच राहू नये अशी, गोल बुडाची केली. रिकामी असली की ती कुशीवर निजते, दमून झोपलेल्या मुलीसारखी. पाणी ओतत गेलं की हळूहळू उठून बसते. तुझ्या भावजींनी आपल्याकडच्या रीतीने ती शोकेसमध्ये ठेवली, पाहुणे आले की काढू म्हणून. केया काय चिडली होती.

मागच्या हिवाळ्यात बर्फावरून तिची गाडी घसरली आणि सगळं संपलं. तिच्या दिव्याशेजारी पाणी ठेवायला मी ती सुरई बाहेर काढली. दिवस झाले तरी ठेवत राहिले. संध्याकाळी भरायची, सकाळी बघावं तर आडवी. टेबल कोरडं. आतून झिलई आहे, त्यामुळे माठासारखी पाझरत नाही. मला भीती नाही वाटली गं, आनंद झाला. मग एका पहाटे तुझे भावजीच तिला तोंड लावून पाणी पिताना दिसले. केया गेल्यापासून या माणसाने तिचं नाव उच्चारलेलं नाही. मी तशीच मागे फिरले. स्वतःला म्हटलं, वेडी आहेस, आता इथे काही उरलं नाही. त्याच दिवशी तुला यायची तारीख कळवली.

सोमवारी ते ऑफिसच्या कामाला आठवडाभरासाठी अ‍ॅशबर्नला गेले. घरात मी एकटी. सवयीने सुरई भरली. मंगळवारी सकाळी ती आडवी होती. कालही. आजही.

तेव्हा सरला, आमच्यासाठी रंगवलेली ती खोली दुसऱ्या कुणाला दे. मी तिकिटं कॅन्सल केली. तहानलेल्या लेकराला मागे ठेवून माझ्याने दाराला कुलूप लावणं होणार नाही. तुझ्या भावजींना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, ते पाणी ते एकटेच पितात.

तुझीच,
दीपाताई