करंजाड्याच्या ओट्यावरचं पॅटिस

करंजाडे, ता. २ डिसेंबर २०२५

ती. स्व. तात्यांस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानाचं मशीन पुन्हा डब्यात गेलं असं काकूंनी सांगितलं, म्हणून फोनचा नाद सोडून पत्र लिहायला बसले. नाहीतरी फोनवर मी तुमच्या गुडघ्याचं विचारते आणि तुम्ही मला पावसाचं सांगता.

मी एक उद्योग करून बसले आहे. आमच्या सोसायटीची थर्टीफर्स्टची पार्टी असते. यंदा स्टार्टर कोणत्या केटररकडून आणायचे यावर मीटिंगमध्ये तासभर वाद चालला. शेवटी कंटाळून मी उभी राहिले आणि म्हणाले, अडीचशे पॅटिस मी घरी करते, माझ्या काकांनी साताऱ्याच्या बेकरीत चौतीस वर्षं तेच केलंय. टाळ्या पडल्या. फक्त सेक्रेटरी मंजुषाताईंनी विचारलं की काकांनी केली ते ठीक, तू कधी केलीस का? पंचवीस तारखेला कमिटीला नमुना खायला द्यायचा, नाही जमला तर केटरर तयार आहे, असं ठरलं.

तात्या, तो प्रश्न मला झोंबला. दहा वर्षांची असताना मी तुमचा डबा घेऊन बेकरीत यायचे. लाटायला शिकवा म्हणून हट्ट धरला, तर भट्टीत पोरींचं काम नाही असं सांगून तुम्ही हातात खारी दिलीत आणि मला घरी पिटाळलंत. खारी खाल्ली, राग मात्र उरला. आता तरी शिकवा. मला हे माझ्या हातांनी जमवून दाखवायचंय, मंजुषाताईंना आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही.

तुमच्या जावयाचा, शिवतेजचा तुम्हा दोघांना नमस्कार. रागवा हवं तर, पण माया पातळ करू नका.
आपली,
राजेश्वरी

कोरेगाव, ता. ६ डिसेंबर २०२५

चि. राजेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या काकूने ते माझ्या कानाशी ओरडून वाचायला घेतलं होतं, पण माझे डोळे अजून शाबूत आहेत. आधी बोलून बसायचं आणि मग शिकायला निघायचं, हा गुण तू तुझ्या बापाकडून घेतलास.

विचारलंस म्हणून सांगतो. मैदा एक किलो, बटर अर्धा किलो, मीठ, थोडा लिंबाचा रस आणि गार पाणी. मैदा घट्ट मळायचा नाही. पोळी लाटायची, मधे बटरची वडी ठेवून पाकिटासारखी मिटायची. मग लांब लाटून तीन पदरी घडी घालायची. ओल्या फडक्याखाली फरशीवर अर्धा तास निजवायची. असं सहा वेळा. घाई केलीस तर थर चिकटतील, जोर केलास तर बटर बाहेर येईल. भट्टी कडक तापलेली हवी.

हे कागदावर चार ओळींत मावतं, हातात यायला मला तीन वर्षं लागली. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. मी बेकरीत जे बोललो होतो ते उगीच नव्हतो बोललो. ते काम अंगमेहनतीचं आहे.

शिवतेजला आशीर्वाद. तब्येत सांभाळ, ओव्हनपाशी जपून.
तुझा,
तात्या

करंजाडे, ता. १२ डिसेंबर २०२५

ती. स्व. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

फजिती झाली. तुम्ही सांगितलं तसंच केलं, अगदी फरशीवर निजवण्यापर्यंत. पण तुमची फरशी शहाबादी, माझी सातव्या मजल्यावरची चकचकीत टाइल. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. तिसऱ्या घडीला बटर पाघळून फडक्यात उतरलं. तरी भाजलं, तर ट्रेमध्ये तूप सुटलं आणि त्यात पॅटिस तळून निघाली. शिवतेजने चहाबरोबर नऊ खाल्ली आणि पुऱ्या छान झाल्यात म्हणाला. त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी घड्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तर बटर इतकं कडक झालं की लाटताना आतल्या आत तुटलं, पिठातून खडे टोचावेत तसं. पाच किलो मैदा वाया गेला. शेजारच्या करिमुन्निसाभाभी आल्या होत्या. त्यांनी ओटा पुसून दिला, आणि मला रडू आलं.

तात्या, काय चुकतंय ते कळवा. नमुन्याला तेरा दिवस उरलेत. काकूंना नमस्कार. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
राजेश्वरी

कोरेगाव, ता. १६ डिसेंबर २०२५

चि. राजेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही, हवा चुकली आहे. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही बेकरीत पॅटिस बंदच ठेवायचो. शेठ दरवर्षी आदळआपट करायचा आणि मी दरवर्षी त्याला सांगायचो की उन्हाळ्यात हा माल होत नसतो. तुमच्याकडचा डिसेंबर म्हणजे आमचा एप्रिल. फ्रिजचं तर नावच काढू नकोस, त्यात बटरचा दगड होतो हे तू पाहिलंसच.

माझं ऐक, केटररला हो म्हण. यात कमीपणा नाही. जे मला जमलं नाही ते तुला जमलं नाही, एवढंच. काकू म्हणते की पोरीचा हिरमोड करणारं पत्र टाकू नका. पण मी भट्टीवरचा माणूस, कच्च्याला पक्कं म्हणता येत नाही.

रडू नकोस. तुझ्यावरचा जीव नमुन्यावर अवलंबून नाही.
तात्या

करंजाडे, ता. २ जानेवारी २०२६

ती. स्व. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. पत्र घेऊन मी करिमुन्निसाभाभींकडे गेले. त्या मूळच्या मुरूडकडच्या, माहेरी मासळीचा धंदा. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की अगं, पीठ कशाला गार करतेस, जागा गार कर. मासळीवाल्या फळी थंड ठेवतात तशी.

मग आम्ही ग्रॅनाइटच्या ओट्यावर बर्फाच्या दोन पराती दहा मिनिटं ठेवल्या. पराती उचलल्या, ओटा कोरडा पुसला आणि लगेच लाटायला घेतलं. बटर ना पाघळलं ना तुटलं, लाटण्याखाली पिठाबरोबर सरकत गेलं. घडी झाली की ती परातीवर ताट ठेवून त्यावर निजवायची, तोवर दुसरी लाटायची. सहावी घडी पडल्यावर कडेने कापून पाहिलं तर थर वहीच्या पानांसारखे सुटे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो.

पंचवीसला नमुना नेला. मंजुषाताईंनी एक खाल्लं, दुसरं उचललं आणि केटररला नको म्हणून फोन लावला.

एकतीसला तर आमच्या बी विंगमध्ये पाच घरांत ओव्हन पेटले होते. सारण मटार-बटाट्याचं, आणि भाभींनी खिम्याची साठ वेगळी केली. शिवतेज लिफ्टमधून ट्रे वर-खाली करत होता. मधेच गीझर आणि ओव्हन एकदम लावून त्याने आमची लाइट घालवली, तेवढं सोडलं तर शहाण्यासारखा वागला. अडीचशेच्या जागी दोनशे नव्वद झाली आणि डीजेचं दुसरं गाणं लागायच्या आत संपली. ए विंगच्या एका काकांनी कुठल्या बेकरीतून आणली विचारलं, तर मंजुषाताई छाती काढून म्हणाल्या की आमच्या राजेश्वरीची आहेत. तात्या, इथे पाच वर्षं मी फक्त सातशे चार नंबर होते. त्या रात्री लहान पोरंसुद्धा मला नावाने शोधत आली.

तुमच्यासाठी बारा बाजूला काढली होती, ती उद्या शिवतेजच्या मित्राबरोबर पाठवते. तव्यावर गरम करून खा आणि भट्टीवरच्या माणसासारखं खरं ते सांगा. काकूंनी साखर सांभाळून फक्त दोनच खावीत. ताठ मानेने नमस्कार करणारी,
राजेश्वरी

कोरेगाव, ता. ८ जानेवारी २०२६

चि. राजेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा पोचला. काकूने मोजून दोन खाल्ली असं ती म्हणते, मला चार कमी दिसली.

मी एक पॅटिस खाण्याआधी सुरीने उभं कापून उजेडात धरलं. थर सगळीकडे सारखे, तळाला कच्चेपणा नाही, कडा सुटलेल्या. मग खाल्लं. चार दिवसांचं असूनही तोंडात मोडलं. खरं ते सांग म्हणालीस म्हणून लिहितो, सारणात मीठ किंचित कमी आहे. बाकी मला बोट ठेवायला जागा सापडली नाही आणि मी बराच वेळ शोधत होतो.

बर्फ खाली ठेवून जागा गार करायची, ही गोष्ट मला चौतीस वर्षांत सुचली नाही. होत नाही म्हणून सांगत राहिलो आणि लोक माझा शब्द मानत राहिले, कारण मी उस्ताद होतो. तुझंही तसंच केलं. भट्टीत पोरींचं काम नाही असा काही शेठचा नियम नव्हता. तो माझा होता. माझी चूक झाली, राजेश्वरी. हे मी फोनवर बोलू शकलो नसतो.

आता माझं एक काम कर. बर्फ किती घ्यायचा, परात किती वेळ ठेवायची, ओटा कशाने पुसायचा, घडी कितपत गार झाली म्हणजे उचलायची, हे सगळं क्रमाने लिहून पाठव. कागदावर कळलं नाही तर एप्रिलात, ऊन चांगलं तापलं की, मी महिनाभर तिकडे येतो. लाटायला मी उभा राहीन, आणि कधी थांबायचं ते तू मला सांगायचंस.

शिवतेजला आणि त्या भाभींना माझा नमस्कार. शिकणाऱ्यावर लोभ असू दे.
जोतीराम