पालथ्या ग्लासातलं पाणी

नाना, त्या दिवशी सकाळची भांडी राखेनं घासून मी पालथी घालत होते, तेवढ्यात तुम्ही आलात आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा ग्लास मागितलात. भाकरीसाठी कळण्याचं पीठ अजून मळायचं होतं. तुम्ही ताटात पाणी ओतलंत, मधोमध मेणबत्ती पेटवून उभी केलीत आणि तिच्यावर ग्लास पालथा घातलात. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "शाळा आते घरमा बी उनी का?" शाळा घरातही आली म्हणताच तुम्ही हसलात. ज्योत विझली, ताटातलं पाणी ग्लासात चढलं. "बघ, ज्योतीनं प्राणवायू खाल्ला, त्याची जागा पाण्यानं घेतली." मी म्हटलं, "पण नाना, कडेनं बुडबुडे आले." "ते सोड. पाण्याकडे बघ." शाळेत दाखवण्याआधी प्रत्येक प्रयोग तुम्ही असा माझ्यासमोर करून बघायचात. चौथीत शाळा सुटलेल्या सुनेला समजलं तर मुलांना समजेल, असा तुमचा हिशेब. मग प्रयोगाचं पुस्तक माझ्याकडेच राहायचं. मी वाचत गेले ती अशी.

तुम्ही गेलात, सासूबाई गेल्या; तुमचा मुलगाही गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. तुमची पुस्तकं ओसरीवर मांडली आहेत. रविवारी मुलं येतात, शाळेतल्या नव्या मॅडमही धड्याआधी एखादं नेतात. जळगावला गेले की मीही एखादं नवं आणते. या रविवारी एका मुलीनं तुमच्या पुस्तकातला हाच प्रयोग केला, पण दोन मेणबत्त्या लावून. पाणी जास्त चढलं. "अक्का, हवा त तेवढीच शे," ती म्हणाली, "मंग पानी जास्ती कसं चढनं?" मी जळगावहून आणलेल्या नव्या पुस्तकात शोधलं. ज्योतीनं हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते; दोन ज्योती असल्या तर जास्त. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि पाणी आत शिरतं. प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढतं हे चूक आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ते बुडबुडे म्हणजे निसटणारी हवा होती, नाना.

उद्या मॅडम वर्गात हाच प्रयोग दाखवणार आहेत. तुमचं पुस्तक न्यायला आल्या तेव्हा मी नुसतं म्हटलं, पाणी चढण्याचं कारण एकदा तपासून घ्या. "नानांचं पुस्तक आहे अक्का, त्यात काय तपासायचं?" अर्ध्या गावाला विज्ञान तुम्ही शिकवलंत. घरातली माणसं गेली, गावात तुमचा शब्द तेवढा राहिलाय. तो मी खोडायचा का? तुम्हाला आवडलं असतं की राग आला असता, खरंच सांगता येत नाही. ते सोड म्हणालात तेव्हा तुमचा आवाज जरा चढला होता.

इथवर लिहून कागद ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. प्रयोग मॅडमनी केला, पाणी का चढतं ते मी सांगितलं. आजवर सांगितलं जायचं ते चूक होतं, हेही सांगितलं. कोण सांगत होतं, असं एका मुलानं विचारलं. जुन्या पुस्तकात तसं छापलंय, एवढंच मी म्हटलं.