प्रमुख पाहुणे येईपर्यंत

उम्म अल हस्सम, बहारीन
२० एप्रिल १९९५

प्रिय विश्वजीतदादा,

दीप्तीचा जयभीम घे, आणि वहिनींनाही सांग. घसा आता कसा आहे? मागच्या कॅसेटमध्ये तू मधूनमधून खोकत होतास, आणि बराच वेळ मला तो विनोदाचाच भाग वाटला. आई-बाबांची तब्येत बरी असेल असं मी धरून चालते, कारण बाबांच्या पत्रात हल्ली तब्येतीऐवजी तुझ्या मालिकेच्या वेळा असतात. मी ठीक आहे. शरीराने ठीक आहे, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. तुमचा फोन खालच्या गिरणीत आहे. मला जे सांगायचं आहे ते ऐकताना तुझा चेहरा पडला असता, आणि दळण घेऊन आलेल्या बायकांनी कोण गेलं म्हणून चौकशी केली असती. (कोणी गेलेलं नाही. हे वाक्य मला गेल्या शुक्रवारपासून बऱ्याच जणांना सांगावं लागलं आहे.) म्हणून हे पत्र माझ्या कंपनीतल्या एका बाई उद्या सुट्टीवर निघाल्या आहेत त्यांच्या हाती देते. त्या मुंबईत उतरल्या की टपालात टाकतील.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या चित्रपटातला शोकसभेचा सीन, जो तू मला कॅसेटवर बोलून पाठवलास, तो मी लोकांसमोर केला. भर सभेत, माइकवर. तू बजावलं होतंस की दिग्दर्शकाची सक्त ताकीद आहे, चित्रण होईपर्यंत हा कुणाला ऐकवायचा नाही. बाहेर फुटला तर आठवड्याभरात दुसराच कुणी तो टीव्हीवर करून मोकळा होईल. आणि चित्रपटात तुला काम म्हणून हा एकच सीन आहे, तोही जमला तर राहणार, नाही तर कापणार, हे मला माहीत होतं. माहीत असून मी हे केलं. मला लाज वाटते. हे वाक्य पुढे अनेकदा येईल, दर वेळी ते खरंच समज.

तू इथवर कसा आलास ते मी पाहिलं आहे, त्यामुळे जास्तच वाटते. भुसावळला आपल्या जयंतीच्या सभेत प्रमुख पाहुणे कधी वेळेवर आले नाहीत (एवढं मोठं जंक्शन असूनही), आणि लोक उठून जाऊ नयेत म्हणून तुला माइकसमोर ढकलायचे. तू स्टेशनवरच्या घोषणा करायचास, हेडमास्तर करायचास, नळावरचं भांडण दोन्ही बाजूंनी करायचास, आणि पाहुण्यांची जीप दिसली की वाक्य अर्ध्यावर टाकून खाली उतरायचास. त्यामुळे कित्येक वर्षं तुझ्या एकाही विनोदाला शेवट नव्हता. (टीका नाही, परिस्थितीच तशी होती.) पुढे ऑर्केस्ट्रात लागलास, तिथेही गायिकेची साडी बदलून होईपर्यंतच तुझं काम. मग मुंबई. दूरदर्शनच्या नाटकात तू चहाचा ट्रे ठेवणार म्हणून बाबांनी सगळी गल्ली घरात बसवली आणि पडद्यावर फक्त ट्रे आणि एक मनगट आलं. आईने ते घड्याळावरून ओळखलं आणि पेढे वाटले. नंतर त्या नव्या वाहिनीवर स्टुडिओतल्या प्रेक्षकांना चित्रण सुरू होईपर्यंत हसवत ठेवायची नोकरी, म्हणजे दिवे लागले की तू घरी. एक दिवस मुख्य कलाकार आलाच नाही, आणि दिवे लागले तेव्हा तूच समोर उभा होतास. तिथून पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा मात्र त्यानंतरही वर्षभर लोकांना सांगत होते की थोरला मुंबईत नोकरी शोधतो आहे.

यंदा चौदा एप्रिल शुक्रवारीच आला. इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून या वेळी जयंती जयंतीच्याच दिवशी करता आली, नाही तर पुढचामागचा शुक्रवार पाहावा लागतो. आमच्या मंडळाचे शामरावकाका (मूळचे अकोल्याचे, बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन) यांनी हमद टाउनमध्ये एका व्हिलाचा हॉल मिळवला होता. बुद्धवंदना झाली, मुलांची गाणी झाली. प्रमुख पाहुणे म्हणून दत्तप्रसाद साहेब यायचे होते. ते पुण्याचे, मनामाच्या एका वित्तसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर. हमद टाउन तू पाहिलेलं नाहीस. तिथे एका सरळ रस्त्यावर एकामागून एक गोलचक्करं आहेत, सगळी एकसारखी. अनोळखी माणसाला नकाशा द्यावाच लागतो. तो मी काढला होता. प्रमाणात काढला होता, पेट्रोलपंपासकट. फक्त त्यावर उत्तर दिशा दाखवायची राहिली. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात जिची सही असल्याशिवाय दाबाचा एकही काटा खरा धरत नाहीत, तिच्या हातून हे झालं. साहेबांनी नकाशा उलटा धरला आणि गोलचक्करं दुसऱ्या टोकापासून मोजत गेले.

इकडे माणसं चुळबुळायला लागली. जेवणाची भांडी मागच्या खोलीत होती आणि वास हॉलमध्ये यायला लागला होता. अशा वेळी शामरावकाका माझ्याकडे वळले. ‘तुहा भाऊ टीव्हीत दिसते, अन् तू दोन मिनिटं उभी नाही राहू शकत काऊन?’ मी म्हटलं, काका, भाऊ वेगळा आणि मी वेगळी. ‘रक्त त एकच आहे ना,’ ते म्हणाले आणि माइक माझ्या हातात आला. मी सगळ्यांसमोर ढकलली गेले, असं समज.

माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट पाठ होती. तुझी कॅसेट मी कामावर जाताना बसमध्ये वॉकमनवर ऐकते आणि ती पूर्ण पाठ झाली होती, खोकल्यासकट. चूक अशी झाली की हा विनोद आहे, हे मी सांगितलं नाही. तू वर गेलास की तुझ्या नुसत्या उभं राहण्यावरून लोकांना कळतं. मी सुरू केलं, ‘आज आपण एका अत्यंत दुःखद प्रसंगी येथे जमलो आहोत,’ आणि माझा आवाज तुला माहीत आहे. हॉल एकदम शांत झाला. तुझा तो सभा सांभाळायला उभा केलेला गडी, गेलेला माणूस कोण हेच माहीत नसलेला, नुसतं ‘त्यांच्याविषयी काय बोलावं’ म्हणत कौतुक लांबवत नेतो, तो भाग मी जसाच्या तसा म्हणत गेले. ते वेळेवर येत, वेळेवर जात. त्यांनी कधी कुणाची छत्री नेली नाही. नेली तरी परत केली. मागच्या रांगेत एका बाईंनी डोक्यावर पदर घेतला. पुढे बसलेल्या इंदुबाई, म्हणजे शामरावकाकांच्या मंडळी, खालच्या आवाजात (पण माइक जवळ होता) म्हणाल्या, ‘जयंतीच्या दिवशी मयत कोनाची काढली वं पोरी?’ काकांना वाटलं, पाहुणेच वाटेत गेले आणि तसा निरोप माझ्याकडे आला आहे. ते श्रद्धांजलीसाठी उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले.

आणि नेमके तेव्हा दत्तप्रसाद साहेब दारातून आत आले.

त्यांनी पाहिलं, अख्खा हॉल आपल्यासाठी उभा आहे. दाराशी हार घेऊन उभ्या केलेल्या मुलीने, तिला सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे, तो त्यांच्या गळ्यात घातला. मी म्हणत होते, ‘असा माणूस पुन्हा होणे नाही. आज ते आपल्यात नाहीत.’ साहेबांनी हात जोडले आणि नम्रपणे मान लववली.

मग हसणं सुरू झालं. ते तुझ्या सीनला नव्हतं, हे मी स्पष्ट करते. ते साहेबांना होतं. मी तिथेच थांबून खाली उतरायला हवं होतं. भुसावळला तू जीप दिसली की उतरायचास. मला पाहुणे समोर दिसत होते, हार घातलेले, आणि मी सीन पूर्ण केला. शेवटी तू रडत रडत खुर्चीवर कोसळतोस आणि मंडपाचा खांब बरोबर नेतोस, ते मला जमण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी अंगावर इंदुबाईंनी दिलेली खळ घातलेली पांढरी साडी होती, आणि त्या साडीत पडता येत नाही. म्हणून मी दुसरंच काहीतरी म्हटलं आणि उतरले. दत्तप्रसाद साहेब भाषणात म्हणाले की या मुलीची माझी ओळख नसताना तिने माझ्याविषयी इतक्या आपुलकीने सांगितलं, मी भारावलो. कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मीसुद्धा केला नाही. जेवताना त्यांनी मला दोनदा जिलेबी वाढली आणि मी ती खाल्ली. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसून खाल्ली. मान वर करून पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

एवढंच असतं तर मी तुला कळवलंही नसतं. पण शिवदासने सगळं कॅमेऱ्यात घेतलं. शिवदास आमच्या मंडळातला, एअर कंडिशनिंगचं काम करतो. गेल्या वर्षी त्याने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून इथे कुणाचं बारसंही त्याच्याशिवाय होत नाही. तो परवा महिन्याभराच्या सुट्टीवर निघाला, कॅसेट घेऊन. मी विमानतळावर जाऊन ती मागितली. तो म्हणाला, ‘मफी मुश्किल ताई (म्हणजे काही अडचण नाही, इथे सगळे असंच बोलतात), घरच्यांना दाखवतो नि परत आणतो.’ मी विचारलं, घरचे म्हणजे कोण. तर त्याचा मेहुणा कल्याणला केबल चालवतो आणि सिनेमा नसेल तेव्हा स्वतःच्या चॅनलवर लोकांच्या लग्नाच्या आणि जयंतीच्या कॅसेटी लावतो. शिवदासला यात भूषणच वाटत होतं. ‘तुम्ही पण टीव्हीवर येणार आता,’ असं म्हणून तो आत गेला.

तेव्हा दादा, पत्र हाती पडताच कल्याणला जा आणि ती कॅसेट लागायच्या आत थांबव. तुझा चेहरा त्या लोकांना माहीत आहे, तुला नाही म्हणणार नाहीत. दिग्दर्शकाला आधीच सांगावं की नाही, हे तू ठरव. सांगितलंस तर माझं नाव घे. एवढ्या वर्षांनी तुझा एक सीन होता आणि तो मी परदेशात बसून वाया घालवला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आई-बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
दीप्ती

ता. क. मेहुण्याचा पत्ता पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. कॅसेट मिळाली की पुसू नकोस. सांभाळून ठेव. मला ती एकदा पाहायची आहे, फक्त तपासणीसाठी.

आणखी एक ता. क. वर मी ‘ढकलली गेले’ असं लिहिलं आहे, ते अचूक नाही. काकांनी विचारलं तेव्हा मी आधीच उभी होते. साडीच्या निऱ्याही नीट करून झाल्या होत्या.

शेवटचं. हसणं साहेबांनाच होतं असंही मी लिहिलं आहे. पहिलं हसणं त्यांना होतं. दुसरं नव्हतं. कोसळणं जमणार नाही म्हणून मी काय केलं ते सांगते. तुझा तो गडी कौतुक करता करता खराच हुंदके द्यायला लागतो, तिथेच मी थांबले. मग शेजारी बसलेल्या विधवेच्या जागी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं केलं आणि तिच्या तोंडून म्हटलं, ‘सावरा, भाऊ. इतके काही चांगले नव्हते ते.’ हॉल इतका हसला की मला पुढचं वाक्य (तसं ते नव्हतंच) म्हणावं लागलं नाही. पदर घेतलेल्या बाई डोळे पुसत होत्या. इंदुबाईंनी साहेबांच्या खांद्याचा आधार घेतला होता. तेव्हा दादा, खांब पाडू नकोस. तू नुसता रड, आणि हे वाक्य त्या विधवेला दे, म्हणजे तुझा सीन कापणार नाहीत. फक्त ते रडक्या नटीला देऊ नका. पावती देताना बोलतात तितकं कोरडं ते यायला हवं. मुंबईत तशी कुणी मिळाली नाही तर जूनमध्ये मला महिनाभर सुट्टी आहे, आणि तिकीट कंपनी देते.