माझ्या बदल्यात गेलेला

सोमवार, १ जून. सकाळी ७.१०
स्टुडंट एक्स्चेंजचे शेवटचे तीन आठवडे. गेले पाच महिने वॉर्म-अप समजायचे. आता एक दिवस फुकट घालवणार नाही. इथली भाषा अस्खलित करायची, डोंगरावरचं तळं बघायचं, प्रोजेक्ट रिपोर्ट तीन दिवसांत हातावेगळा करायचा. शिवाय ज्यांच्या घरी राहतो त्या काका-काकूंना एकदा स्वतः रांधून घालायचं. सुरुवात आत्ता, ताबडतोब.

दुपारी १.३०
उठलो. उद्यापासून.

मंगळवार, २ जून
घरी व्हिडिओ कॉल. आईला विचारलं, माझी आठवण येत असेल ना? हो रे, म्हणाली, आणि मागे वळून कुणाला तरी सांगितलं की दूध उतू जातंय, गॅस बंद कर. कुणाला तरी म्हणजे बदलीला. मी इथे आलो, माझ्या बदल्यात काका-काकूंचा मुलगा आमच्या घरी गेला, म्हणून बदली. खरं नाव उच्चारायला महाकठीण. आईला जमतं.
बिचाऱ्याला कामाला जुंपलंय. मला आईने कधी गॅसजवळ फिरकू दिलं नाही. पोटच्या पोराची गोष्टच वेगळी.

शुक्रवार, ५ जून
तळ्याची बस पहाटे सहाला सुटते. हा काय माणसांचा टाइम आहे? रद्द.
भाषेचं पुस्तक काढलं. धडा पहिला: 'माझे घर मोठे आहे.' जानेवारीतही इथेच होतो. पाया पक्का होतोय.
काकूंनी कॅलेंडरवर २२ तारखेला लाल गोल केलाय. रोज सकाळी एकेक दिवस खोडतात. मी जाणार हे बाईंना फारच लागलेलं दिसतंय.

सोमवार, ८ जून
ताईचा फोन. चक्क स्वतःहून! माझ्या कपाटाच्या खालच्या खणाची किल्ली कुठे आहे, विचारत होती. बदलीची पुस्तकं मावत नाहीत म्हणे. मी म्हटलं, अगं, बावीसला जातोय ना तो? ताई घाईघाईने म्हणाली, हो हो, पण किल्ली कुठाय?
सांगितली. माणसाने मन मोठं ठेवावं.
रिपोर्ट: शीर्षक टाइप केलं. फॉन्ट ठरत नाहीये.

गुरुवार, ११ जून
कॉलवर माझी खोली दिसली. पडदे नवे. करंडकांची फळी गायब. (करंडक एकच, पण फळी होती.) बाबा म्हणाले, तुझं सगळं सामान खोक्यांत भरून माळ्यावर टाकलंय, काळजी नको. मी येणार म्हणून खोलीला रंग काढणार, दुसरं काय! सरप्राइज दिसतंय. मी आपलं काही न कळल्यासारखं केलं.
बाबांनी बदलीला स्कूटर शिकवली. मला अजून पुसायलाच देतात.
रात्री जेवलो नाही. पाणी बाधलं असेल.

रविवार, १४ जून
स्वयंपाकाचा बेत. पहिल्याच कांद्याला बोट कापलं. काकूंनी पट्टी बांधली, मग स्वयंपाक केला, मग भांडीही घासली. मी उभं राहून त्यांच्या भाषेत आभार मानले. काकांना हसू आवरेना. बहुतेक घर मोठं असल्याचं बोललो.

मंगळवार, १६ जून
सकाळी काकू मुलाशी फोनवर बोलत होत्या. बोलता बोलता मटकन खुर्चीत बसल्या. आज कॅलेंडरवरचा दिवस खोडला नाही.
जेवताना टक लावून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी काकांच्या मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि भाषांतर माझ्यापुढे धरलं. तुझ्या घरी असं काय आहे, जे आमच्या घरी नाही? मी अभिमानाने अंगठा वर केला. काकू ताट तसंच टाकून उठल्या. त्यांच्या खोलीचं दार अजून बंद आहे.
मला इथे आता जरा भीतीच वाटते.

शुक्रवार, १९ जून
रिपोर्ट दिला. दोन पानं, मार्जिन ऐसपैस. कोऑर्डिनेटर बाईंनी सही करता करता सांगितलं की तुझ्या घरी राहणाऱ्या मुलाने आणखी एक वर्ष मागून घेतलंय, तुझ्या घरच्यांचं संमतीपत्रही आलं. तीन सह्या. ताईची तर लागतही नव्हती.
आईला फोन लावला. ओरडलोच, मग मी कुठे राहायचं? आई म्हणाली, वेडा आहेस का, घर तुझंच आहे. मग म्हणाली, हॉलमधला सोफा ओढला की पलंग होतो, त्यानेच दुरुस्त केलाय.
फोन ठेवून रडलो. परदेशात आईचा आवाज ऐकला की होतं असं.

मंगळवार, २३ जून. संध्याकाळी
विमानतळावर कुणी नाही. आईचा मेसेज: त्याचा पेपर सुटतोय, बाबा त्याला आणायला गेलेत, तू टॅक्सी करून ये.
वाटेत सगळं पाठ करून ठेवलं होतं. गेल्या गेल्या त्याला स्पष्ट सांगायचं की ही खोली माझी, हे कपाट माझं, आणि आईसुद्धा माझीच आहे.
बेल वाजवली. दार त्यानेच उघडलं. अंगात माझा निळा टी-शर्ट. त्याला बरा बसतो. आतून आईने विचारलं, कोण आहे रे, बाळा? तो मला आमच्या भाषेत, एकही चूक न करता म्हणाला, या ना, आत या, बसा, पाणी आणतो.
मी बूट काढले. सोफ्याच्या कडेला बसलो. म्हटलं, घर छान ठेवलंय.