आईची बाज आणि चौकातला हायमास्ट

३ मार्च २०२५, सोमवार. अहमदपूर.

आजपासून लढा. शत्रूचं नाव: विहार चौकातला हायमास्ट. खांबाच्या टोकाला पांढरे एलईडी, चारी दिशांना रोखलेले. माझ्या गच्चीवर रात्री वर्तमानपत्र वाचता येतं. वाचून पाहिलं. अग्रलेख सुमार होता.

कारण लिहून ठेवतो, इतिहासाला लागेल. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. काल जेवण झाल्यावर म्हणाली, डोळ्याला नीट दिसाया लागलंय तर एकदा बाज बघू दे मला. बाज म्हणजे सप्तर्षी. चार ताऱ्यांची खाट आणि ती पळवायला निघालेले तीन चोर. लहानपणी तिच्या बापानं तिला खळ्यावर निजवून दाखवलेली. मी तिला गच्चीवर नेलं, ईशान्येकडं बोट केलं. आईनं आधी बोटाकडं पाहिलं, मग बोटाच्या पुढं पाहिलं, डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाली, तिकडं तर नगरपालिकाच दिसून राहिली रे.

माझ्या धमन्यांतून वीज गेली. (भाषणातलं जुनं वाक्य. पण खरं.)

वेळ कमी आहे. आई सहा महिने माझ्याकडं असते, सहा महिने धाकट्याकडं. एक एप्रिलला ती शेषेरावकडं जाणार. त्याचं घर जळकोटच्या पुढं, रानात. त्याला फोनवर हे सांगायला नको होतं. म्हणाला, दादा, कशाला तरास घेतोस, आमच्या अंगणातून बाज काय, चोरांच्या चपला बी दिसतात. आणि हसला. या माणसानं आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही.

संकल्प: एक तारखेच्या आत आई बाज बघणार. माझ्या गच्चीवरून. आणि दुर्बिणीतून.

६ मार्च

दुर्बीण आली. शेजारचा यासेर खोकं वर चढवायला मदतीला. विचारतो, सर, डिश बदलली का? अज्ञान! मी त्याला गॅलिलिओपासून सगळं समजावायला घेतलं. चर्चपर्यंत आलो तेव्हा तो इफ्तारची वेळ झाली म्हणून उठून गेला. बाहेर कडक ऊन होतं.

जोडणी पूर्ण. एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचा देतात. खिशात ठेवला.

७ मार्च

हायमास्टचा उजेड अडवायला डोक्यावर चादर घेऊन, बाजेचा एक तारा दुर्बिणीत पकडला. आईला स्टुलावर बसवलं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ही तर एकच चांदणी हाय. मी म्हणालो, हो, पण जवळ आली की नाही? म्हणाली, जवळ कशाची, होती तेवढीच हाय. बाकीची बाज कुठाय? चोर कुठायत? मी सांगितलं, यात एका वेळी एकच तारा मावतो. आई म्हणाली, मग मी काय बाजेचा एकेक खूर बघत बसू का?

उतरताना स्टूल हललं, दुर्बीण हलली, तारा गेला. पुन्हा सापडला नाही.

टीप: दोष आईचा नाही. दुर्बिणीचा तर नाहीच. दोष हायमास्टचा.

११ मार्च

नगरपालिकेत निवेदन. क्लार्क वर न बघता म्हणाला, लाईट बंद हाय का? मी म्हणालो, चालू आहे, हीच तक्रार आहे. तेव्हा त्यानं वर पाहिलं. त्याच्याकडं तक्रारींचे प्रकार ठरलेले: बंद आहे, लुकलुकतो, वाकला आहे. चालू आहे असा प्रकार नाही. मी टेबलावर हात आपटून विचारलं, या देशात नागरिकाला रात्रीचा अंधार मागायचा अधिकार आहे की नाही? शेजारच्या टेबलवाल्यानं मला पाणी दिलं. पाणी देतात म्हणजे घाबरलेत.

तिथंच आमचा नगरसेवक व्यंकटी भेटला. माझा जुना विद्यार्थी. निबंधात कायम काठावर. पाया पडला आणि म्हणाला, सर, आसं कसं म्हणता? हा मास्ट तुमच्याच कंदील मोर्चानं आलेला हाय. कोनशिलेवर तुमचं नाव हाय, माझ्या वर.

त्याला फरक समजावला. त्या काळी आमच्या वस्तीत मिट्ट काळोख होता, सगळ्या गावाला खांब आणि आम्हाला ठेंगा, म्हणून मी सगळ्यांच्या हातात कंदील देऊन मोर्चा काढला. तो लढा न्यायाचा होता. तेव्हा मिळालेला दिवा पिवळा होता. पिवळा दिवा नम्र असतो. यांनी मागच्या साली गुपचूप पांढरे एलईडी बसवले. पांढरा दिवा हुकूमशहा आहे. व्यंकटी हाव सर, हाव सर म्हणत राहिला. पटलं असावं.

१५ मार्च

जनजागृती सुरू. आज रईसा, यासेरची बायको. दळणाचा डबा घेऊन चालली होती. मी तिला फाटकाशी थांबवून सांगितलं की जास्तीच्या उजेडानं स्थलांतर करणारे पक्षी भरकटतात, समुद्रातली कासवं वाट चुकतात. ती म्हणाली, सर, अहमदपुरात कासव कुठाय? आणि पुढं म्हणाली, ह्यो दिवा नव्हता तवा मी मगरीबच्या नमाजानंतर उंबऱ्याच्या भायेर पाय टाकत नव्हते. आता माझी पोरगी लायबा ट्यूशनवरून एकली येती. तुम्हाला चांदण्या पायजेत तर डोळे वर करा ना, दिव्याला कशाला शिव्या देऊन राहिले?

वैयक्तिक सोयीच्या पलीकडं बघण्याची दृष्टी समाजात नाही. दुःखद.

१६ मार्च

प्रियदर्शनीचा नांदेडहून फोन. मुलगी इंजिनीअर झाली, पण लढाऊपणा माझ्याकडून घेतला नाही. म्हणते, बाबा, मास्ट काढा म्हणू नका. दिव्यांना वरून पत्र्याची झाकणं लावायला सांगा. उजेड खाली रस्त्यावर पडेल, बायकांनाही मिळेल, आभाळही मोकळं होईल. आणि बाज साध्या डोळ्यांनी दिसते, दुर्बीण कशाला आणली?

झाकणं! तीस वर्षं मी व्यासपीठावरून तडजोडवाद्यांची सालटी काढली आणि शेवटी माझ्याच घरातून झाकण निघालं. तिला म्हणालो, अर्धी क्रांती ही पूर्ण पराभवापेक्षा वाईट असते. ती म्हणाली, बरं, आजीला द्या फोन.

२२ मार्च, शनिवार

विराट सभा. इफ्तार आटोपल्यावर, चौकात, त्याच हायमास्टखाली. शत्रूच्या छावणीत घुसून. मैदान भरलं होतं. (पावभाजीची गाडी नेहमी तिथंच असते, पण तो मुद्दा नाही.)

सुरुवातीला जरा जड गेलं. बंधूंनो, अंधार हा आपला हक्क आहे, म्हणालो. कोणी टाळी दिली नाही. अंधारावर प्रेम करायला शिका, म्हणालो. मागून कोणीतरी शिट्टी मारली. मग मात्र सूर लागला. तीस वर्षांची साधना वाया जात नाही. जीभ आपोआप वाटेला लागली. युगायुगांच्या काळोखाच्या छाताडावर पाय देऊन! टाळ्या. आमच्या दारातला उजेड कोण रोखणार? टाळ्या. उजेड कुणाच्या बापाचा? सगळं मैदान ओरडलं, आमचा! पुन्हा विचारलं. पुन्हा, आमचा! रईसासुद्धा ओरडली, मी पाहिलं. आई पहिल्या रांगेत होती. तिनं कपाळाला हात लावला. भारावली असणार.

व्यंकटी व्यासपीठावर धावत आला, मला हार घातला, माईकवर माझ्याकडं हात करून काहीतरी जाहीर केलं. टाळ्यांत ऐकू आलं नाही. पण माझ्या मागणीचा विजय झाला, एवढं नक्की.

२६ मार्च

दुसरा हायमास्ट. माझ्या फाटकासमोर.

व्यंकटी म्हणाला, सर, तुमचा शब्द खाली पडू दिला न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा चार दिवसांत काम झालं बगा. मी त्याला शांतपणे सांगितलं की तुम्ही लोक माझ्या सभेला किती घाबरलात, हे यावरून कळतं. तो म्हणाला, हाव सर, फीत कापा.

कापली. निषेध म्हणून डाव्या हातानं.

आता आमच्या बैठकीत दिवा लावायची गरज नाही. आई भिंतीकडं तोंड करून, पदर डोळ्यांवर घेऊन झोपते. प्रियदर्शनीला फोनवर म्हणत होती, तुझ्या बापानं बाजेवर दुसरा खांब रोवला बाई.

२९ मार्च

यासेर आईला धुरपतामावशी म्हणतो. आज म्हणाला, सर, मोटारसायकलवर मावशीला शहराबाहेर नेऊन आणू का, पाच मिनिटाचं काम हाय. नकार दिला. गावाबाहेर जाणं म्हणजे मैदान सोडणं. शिवाय शेषेरावला कळलं असतं.

आई बॅग भरते आहे.

३१ मार्च, सोमवार

आज ईद. सकाळी शीरखुर्मा आला. संध्याकाळी रईसा आणि लायबा आईचा निरोप घ्यायला आल्या. आई म्हणाली, उकडून राहिलंय, वर बसू. तिघी गच्चीवर गेल्या. मी खाली ‘प्रकाशाची दहशत’ या विषयावरच्या भाषणाचा मसुदा लिहीत होतो.

आठच्या सुमारास लाईट गेली. फॅन बंद. चौक बंद. दोन्ही मास्ट बंद. सगळं अहमदपूर काळं ठिक्कर.

मी एक क्षणही वाया घालवला नाही. सरळ वायरमन लालमहंमदला फोन. तो म्हणाला, सर, लाईनवर काम हाय, जरा वेळ द्या, सणाचा दिवस हाय, घरी जेवायला बसलोय. मी म्हणालो, कसला वेळ? सणाच्या दिवशी सामान्य माणसाला काळोखात लोटता? याच काळोखाविरुद्ध आमच्या पिढीनं कंदील उचलले! वस्तीतला एक एक माणूस घेऊन तुमच्या ऑफिसवर येतो! तो म्हणाला, नका येऊ सर, बगतो. ताट सोडून उठला असावा. थोड्याच वेळात लाईट आली. पुण्या-मुंबईत नामवंतांना जमत नाही ते. याला म्हणतात वजन.

लाईट येताच वरून, आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरून एकच आवाज आला. आनंदाचा वाटला. शाबासकी घ्यायला वर गेलो.

आई सतरंजीवर उताणी झोपली होती. रईसा आणि लायबा तिच्या दोन्ही बाजूंना. शेजारच्या गच्चीवर यासेर आणि आणखी कितीतरी लोक, सगळ्यांच्या माना वर. आईचं बोट अजून आभाळाकडं होतं, आणि डोळे दिव्यानं मिटलेले.

लायबा रडवेली झाली होती. म्हणाली, आजीनं आख्खी बाज दाखवली आम्हाला, चारी खूर. दोन चोर बी दाखवले. तिसरा टाकीच्या मागून वर येऊन राहिला होता, येवढ्यात...

आईनं डोळे न उघडता विचारलं, लाईट कुणी आणली गं एवढ्या लवकर?

रईसा म्हणाली, सरांनी. फोनवर वरडत होते, खालून ऐकू येत होतं.

आईनं बोट खाली घेतलं. म्हणाली, जाऊ दे पोरी. सापडला तिसरा.

१ एप्रिल

आईला स्टँडवर सोडलं. एसटीत खिडकीशी बसली. मी म्हणालो, पुढच्या सहा महिन्यांत मी दोन्ही मास्ट हटवून दाखवतो. म्हणाली, नको बाबा, तिसरा येईल. त्यापरीस तिकडं ये एक दिस. शेषूच्या अंगणात निजू. फोन तेवढा घरी ठेवून ये.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. दुर्बिणीचा एक पाय निखळून पडला होता. वर्तमानपत्र नेलं होतं. सगळं वाचलं, छोट्या जाहिरातींसकट. अक्षर स्वच्छ दिसतं.